पाचशेच्या आत उजेड

बॅटरी घ्यायची म्हटलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक माझा मेव्हणा. आयुष्यभर वायरमन म्हणून खांबांवर चढला, आता निवृत्त होऊन जुन्नर तालुक्यात ऊस आणि कांदा करतो. दुसरा पक्ष माझी लेक, त्याची भाची. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत नोकरी आणि सुट्टी लागली की कुठल्यातरी गडावर. माझी मागणी साधी होती. शर्टाच्या खिशात मावावी, पाचशे रुपयांच्या आत बसावी आणि उजेड चांगला पडावा. गावी गेलं की रात्री गोठ्यापर्यंत मोबाईलच्या उजेडात ठेचकाळत जायचा कंटाळा आला होता. तालुक्याच्या बाजारातून एक आणि ऑनलाईन एक अशा दोन बॅटऱ्या आणल्या, पडवीत ठेवल्या आणि दोघांना विचारलं, यातली कुठली ठेवू? पुढं मला फारसं बोलावं लागलं नाही.

मामा : दाजी, त्या ऑनलाईनवालीच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा आधी.

(मी वाचलं. दहा हजार ल्युमेन, दोन किलोमीटर झोत.)

भाची : साफ खोटं आहे, मामा.

मामा : खोटं आहे ते मलाही कळतं. किती खोटं ते सांग.

भाची : एलईडी एका वॅटला साधारण शंभर ल्युमेन उजेड देते. फार चांगली असली तर दीडशेच्या आसपास. म्हणजे दहा हजारांना शंभर वॅट धरा. आत सेल एकच आहे, १८६५० म्हणतात त्याला. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. अशा साध्या सेलात नऊ-दहा वॅट-तास वीज मावते. शंभर वॅटनं ओढली तर पाच-सहा मिनिटांत खेळ खलास, आणि त्याच्या आधीच ही नळी हातात धरवणार नाही.

मामा : शंभर वॅटचा एलईडी दिवा आम्ही चौकातल्या खांबावर लावायचो. त्याचं मागचं ॲल्युमिनियमचं बूड बघितलंस कधी? पाट्याएवढं असतं, उष्णता जायला. या बोटभर नळीतून ती जाणार कुठून?

भाची : जातच नाही. म्हणून पहिल्या मिनिटाला पाचशे-सहाशे ल्युमेन देईल आणि तापली की गुपचूप खाली येईल. दुकानात आपण बघतो ते पहिलं मिनिट.

मामा : मग खरं मोजायचं कसं?

भाची : पद्धत आहे. अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचं मानक आलं. बॅटरी लावल्यावर तीस सेकंद थांबायचं आणि मग उजेड मोजायचा. किती वेळ चालते ते मोजायचं, उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंत. आणि झोताचं अंतर म्हणजे जिथं उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंत. पाव लक्स म्हणजे जवळपास पौर्णिमेचं चांदणं.

मामा : चांदण्यात उसाच्या कडेला बसलेला बिबट्या ओळखू येतो?

भाची : नाही येत. म्हणून आकडा खरा असला तरी अंतर निम्म्याहून कमीच धरायचं.

मामा : आणि दहा टक्क्यांचं काय? सहा तास चालते म्हणायचं आणि त्यातले पाच तास काजव्याएवढी जळायची, तरी नियमात बसतं?

भाची : बसतं.

मामा : म्हणजे पळवाट तिथंही आहेच.

इथं मला मधे एक सांगायला हवं, कारण हे दोघं आकड्यांत गेले की साधी गोष्ट निसटते. आपल्या डोळ्याला उजेड सरळ हिशेबानं दिसत नाही. दुप्पट उजेड वाटायला ल्युमेन सुमारे चौपट व्हावे लागतात. दोनशे आणि तीनशे ल्युमेनच्या बॅटऱ्या शेजारी शेजारी धरल्या तर फरक जेमतेम कळतो. रस्त्याने चालताना कळतही नाही. मोबाईलचा दिवा पन्नासच्या आतबाहेर असतो. आमच्या लहानपणी दोन मोठ्या सेलांची, बल्बवाली, पत्र्याची बॅटरी होती, तिचा उजेड वीस ल्युमेनच्या घरात असेल. त्या वीसवर गावानं पावसाळी रात्री काढल्या आहेत. तेव्हा शंभर खरे ल्युमेन म्हणजे खिशातल्या बॅटरीला पुष्कळ झाले, असं माझं मत बनत चाललं होतं. मामाचं तसं नव्हतं.

मामा : आता ही बाजारातली बघ. तीन सेल, पुढं नऊ एलईडी. सेल संपले तर टपरीवर मिळतात. चार्जर नको, केबल नको.

भाची : ते रिमोटचे बारीक सेल आहेत, मामा. जाड्या पेन्सिल सेलच्या मानानं त्यात वीज निम्म्याहूनही कमी, आणि पैसे जवळजवळ तेवढेच. वर तीन. तिघांतला एक आधी बसला की बाकीचे दोघं त्याच्यातून उलटी वीज रेटतात आणि तो गळतो. त्यात नवे-जुने मिसळून घातले तर बघायलाच नको.

मामा : गळतात हे खरं. घरातल्या एका बॅटरीचं बूड उघडेना. पक्कड लावली तर आटेच गेले. आत सगळं पांढरं-हिरवं साचलेलं.

भाची : स्वस्तातला सेल जस्त-कार्बनचा असतो. त्याचं बाहेरचं जस्ताचं डबडंच आतल्या क्रियेत खर्च होत जातं. पातळ होतं, एक दिवस भोक पडतं. महिनोन्‌महिने बॅटरी ट्रंकेत ठेवायची असेल तर सेल बाहेर काढूनच ठेवावेत.

मामा : म्हणजे तुझं लिथियमच खरं.

भाची : सेल काढता येत असेल तर. या ऑनलाईनवालीत तो आत डकवून टाकलाय. सेल मेला की बॅटरी मेली. शिवाय वर ९९०० एमएएच क्षमता छापलीय. आजचा चांगला १८६५० साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. शंका आली तर सुटा सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. खरा पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो. तीस-बत्तीस भरला तर आत माल कमी आहे.

मामा : हे आवडलं. वजन खोटं बोलत नाही. पण लिथियमला लाईट लागते, पोरी. २०२० चं निसर्ग वादळ आठवतंय? तीन जूनला आलं. आमच्या गँगला रायगडात धाडलं होतं. तिकडं मंडणगड-दापोलीपर्यंत गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात. खांब आडवे, तारा झाडांत. चार्जिंगच्या बॅटऱ्या दोन-तीन रात्रींत बसल्या. लोक दुकानात काय मागत होते? मेणबत्त्या आणि सेल.

भाची : पॉवर बँक असते हल्ली.

मामा : तीही भरावीच लागते ना?

भाची : मान्य. म्हणूनच बाबांसाठी मी लिथियम सुचवतच नाहीये. एका जाड्या पेन्सिल सेलवर चालणारी घ्यायची. एरवी त्यात चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइडचा सेल. पूर्वी हे सेल पडून पडून उतरायचे. २००५ साली सान्योनं एनेलूप काढला तेव्हापासून वर्षभर ठेवले तरी बहुतेक चार्ज टिकणारे सेल मिळतात. आणि वादळ आलंच तर दुकानातला साधा पेन्सिल सेल घालायचा.

मामा : उजेड किती देईल ती?

भाची : शंभर ल्युमेन, दोनेक तास. कमी उजेडावर ठेवली तर रात्रभर.

मामा : शंभरनं माझ्या उसाला काय होतंय?

इथून पुढं वादाला खरी धार आली, कारण मुद्दा खोक्यावरून शेतात उतरला.

मामा : रात्रीची लाईट म्हणजे काय ते पुण्यात बसून नाही कळायचं. आमच्या फीडरला कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास, आलटून-पालटून. सौरऊर्जेवर काही फीडर दिवसा चालू झालेत, सगळे नाही. रात्री बाराला मोटर टाकायला निघायचं. दोन्ही अंगाला डोक्याच्या वर ऊस, मधून पाटाची कड. जुन्नरच्या बिबट्यांच्या माद्या उसातच वितात, पिल्लं उसातच वाढतात. लांबचं दिसलं पाहिजे. म्हणून मला ही ऑनलाईनवाली, झूमची, बरी वाटते. पुढची नळी ओढली की झोत कुठल्या कुठं जातो.

भाची : ओढा बरं. आणि त्या भिंतीवर मारा.

(भिंतीवर उजेडाचा स्वच्छ चौकोन पडला. त्यात बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसत होत्या.)

भाची : त्या रेघा कसल्या आहेत माहितीये? एलईडीच्या चिपवरचे तारांचे जोड. भिंगानं चिपचं चित्रच भिंतीवर पाडलंय. आणि भिंग पुढं सरकलं की चिपमधून बाजूला जाणारा उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर आपटून वाया जातो. ज्या बॅटरीत चकचकीत वाटी असते, तिच्यात तोच बाजूचा उजेड पुढं वळतो. मधे प्रखर ठिपका आणि भोवती फिकं वर्तुळ. चालताना पायाखाली जे दिसतं ते त्या वर्तुळात.

मामा : मला पायाखालचं नको, लांबचं पाहिजे म्हणतोय मी.

भाची : बिबट्या लांबून दिसायला प्रखर झोत लागतच नाही, मामा. त्याच्या डोळ्याच्या मागं चकचकीत पडदा असतो. आलेला उजेड आल्या वाटेनं परत जातो. साध्या बॅटरीतही डोळे चमकतात. फक्त बॅटरी तुमच्या डोळ्यांजवळ पाहिजे. कमरेशी धरली तर परतणारा उजेड कमरेकडेच जातो, तुम्हाला काही दिसत नाही.

मामा : अगं, म्हणून तर आमच्याकडचे जुने लोक बॅटरी कानाशी धरून शेत बघतात! मला वाटायचं, लांब फेकायला म्हणून.

भाची : मग डोक्याला पट्ट्यानं बांधायचीच घ्या. हात मोकळे.

मामा : ती आहे माझ्याकडे. आणि तिच्यात काय होतं तेही सांगतो, हे तुझ्या पुस्तकात नसेल. कपाळावरून उजेड पडला की जमीन सपाट दिसते. खड्डा, ढेकूळ, पाचटात पडलेली घोणस, सगळं एकाच पातळीला. सावलीच पडत नाही, पडली तरी वस्तूच्या मागं लपते. बॅटरी हातात, गुडघ्याच्या वर थोडीशी, आडवी धरली की प्रत्येक काडीची सावली लांब पडते. सापाचा वळसा लगेच उठून दिसतो. बिबट्या बघायचा तर कानाशी, साप बघायचा तर मांडीशी. आणि आपल्याकडं बिबट्यापेक्षा साप जास्त वेळा भेटतो. मण्यार तर रात्रीचीच बाहेर पडते.

भाची : हे खरंच मी कुठं वाचलं नव्हतं. गडावर आम्ही सगळे कपाळाला बांधून चालतो आणि उतरताना ठेचा खातो.

मामा : मग हातात घेत जा एक.

भाची : सापावरून आठवलं. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर असतो. आतली चिप निळीच असते. त्या निळ्या एलईडीसाठी जपानमध्ये जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. तिच्यावर पिवळी पूड लावून पांढरा उजेड करतात, बंद असताना पिवळा ठिपका दिसतो ना, तोच. पूड हलकी असली की तपकिरी, करडे, लालसर रंग एकमेकांत मिसळतात. पाचटावरची घोणस तपकिरीवर तपकिरी. थोडा पिवळसर उजेड देणारी घेतली तर ल्युमेन कमी भरतात, पण साप वेगळा दिसतो.

मामा : दुकानदार म्हणतो, पांढरी जास्त पॉवरफुल.

भाची : दुकानातल्या पांढऱ्या भिंतीवर तीच जास्त उठून दिसते, म्हणून म्हणतो.

माझ्या मते बॅटरीबद्दल त्या संध्याकाळी झालेल्या बोलण्यात ऐकण्यासारखं जे होतं ते मुख्यतः एवढंच. बाकीचे मुद्दे त्यांनी भराभर उरकले, मीही उरकतो. एक अपवाद वगळून. तो म्हणजे बॅटरी संपते कशी.

भाची : चांगल्या बॅटरीत उजेड सांभाळणारं सर्किट असतं. सेल अर्धा झाला तरी उजेड तसाच.

मामा : आणि संपला की?

भाची : लिथियमचा सेल खराब होऊ नये म्हणून सर्किट बंद करतं.

मामा : एकदम?

भाची : काही बॅटऱ्या आधी लुकलुकून सांगतात. स्वस्तातल्या एकदम जातात.

मामा : खांबावर असताना एकदम गेली तर काय होतं, ते तुझ्या सर्किटवाल्याला विचार. आमची जुनी बॅटरी पिवळी पडत जायची. पिवळी दिसली की उतरायचं, सेल बदलायचे. अर्धा तास आधी कळायचं.

भाची : पेन्सिल सेलवाल्या बऱ्याचशा अजूनही तशाच मंद होत जातात.

मामा : मग त्यावर आपलं जमलं.

पुढचा मुद्दा मामाचाच, आणि तो त्यानं भाचीकडं न बघता माझ्याकडं बघून सांगितला. मागून दोन पिना बाहेर काढून थेट भिंतीच्या सॉकेटात खोचायच्या बॅटऱ्या मिळतात, त्या घ्यायच्या नाहीत. आत ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर लावून २३० व्होल्ट खाली आणलेले असतात, मेनपासून वेगळे केलेले नसतात. चार्ज होत असताना फुटक्या बॅटरीच्या आतल्या कशालाही हात लागला तर तो थेट मेनला लागल्यासारखाच. त्यात शिशाची बॅटरी असते, ती रिकामी करून महिनाभर ठेवली की परत भरत नाही. 'दोन पिनांची घरात आली तर मी दार उघडणार नाही,' असं म्हणून त्यानं विषय बंद केला.

भाचीची तक्रार बटणाची. एका बटणावर प्रखर, मध्यम, मंद, लुकलुक आणि एसओएस असे पाच प्रकार देतात. मंद हवा असेल तर दरवेळी लुकलुकीतून जावं लागतं. मे-जूनमध्ये राजमाची-भंडारदऱ्याला काजवे बघायला आलेले लोक अशाच बॅटऱ्या चाळवत असतात, आणि एकदा झोत पडला की काजवे लुकलुकायचे थांबतात, शिवाय बघणाऱ्यांचे डोळे अंधाराला सरावायला पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. मामाला त्यावर वायरमनचं उत्तर सुचलं: डीपीत काम करताना बॅटरी दातांत धरावी लागते, आणि दातांतली बॅटरी लुकलुकायला लागली तर फ्यूज बघायचा की बटण? दोन उजेड, शेपटाला दाबायचं बटण, बाकी काही नको, यावर दोघांचं एकमत झालं. घरात भांडण असं क्वचितच संपतं.

आणखी दोन गोष्टी भाचीनं जाता जाता दाखवल्या, त्या उपयोगी आहेत. स्वस्त बॅटरी मंद करताना प्रत्यक्षात ती भराभर चालू-बंद होत असते. नळाची बारीक धार सोडून तिच्यावर मंद उजेड मारला की धारेऐवजी सुटे थेंब दिसतात. ज्यांना अशा उजेडानं डोकं दुखतं त्यांनी ती टाळावी. दुसरी गोष्ट चार्जिंगच्या छिद्राची. टाइप-सी असं लिहिलेलं असतं, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या केबलनं ती चार्जच होत नाही. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबलच लागते. आत पैशा-दोन पैशांचे रेझिस्टर वाचवलेले असतात. घरी नेल्यावर बॅटरी बिघडली असं वाटतं, ती बिघडलेली नसते.

शेवटी मी दोन्ही बॅटऱ्या परत दिल्या. मामा त्याच्या शेतासाठी सुटा १८६५० घालता येणारी, वाटीवाली, हातभर लांब नसलेली घेणार आहे. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे कॉन्व्हॉयसारख्या चिनी कंपन्या त्या प्रामाणिक आकड्यांनी बनवतात, पण चांगला सेल आणि चार्जर धरला की पाचशेत बसत नाही. मी माझ्यासाठी एका पेन्सिल सेलवर चालणारी घेतली. ॲल्युमिनियमची नळी, आत वाटी, दोन उजेड, शेपटाला बटण, किंचित पिवळसर. तिच्या खोक्यावर फक्त एकशेवीस ल्युमेन लिहिलं होतं, आणि विकणारा ओशाळून म्हणाला, 'साहेब, हिच्यात पॉवर कमी आहे.'

तुम्हीही घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला मागची अंधारी खोली दाखवायला सांगा. तिथं बॅटरी लावा, दहा मिनिटं तशीच राहू द्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाशी त्याला बोलू द्या, आणि मग उजेड किती उरला ते बघा. तो म्हणाला की असं कुणी करत नाही, तर दुसऱ्या दुकानात जा.